रविवारची सायकलफेरी : वेगानुसार दोन गट करावेत का?

रायबंदरकरीण

नमस्कार. पणजी, रायबंदर आणि पर्वरी या भागांत राहणाऱ्या आम्ही काही बायका गेली चार वर्षे रविवारी सकाळी एकत्र सायकल चालवतो. सुरुवातीला पाच जणी होतो. आता यादीत अठ्ठावीस नावे आहेत आणि एखाद्या रविवारी त्यांतल्या बारा-तेरा जणी प्रत्यक्ष येतात. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवते, एकीचे किराणा दुकान आहे, दोघी निवृत्त आहेत. वर्गणी नाही, गणवेश नाही, अध्यक्षही नाही. नियम एकच आहे आणि तो पहिल्याच दिवशी ठरला : जी सर्वांत मागे असेल तिच्या वेगाने सर्वांनी जायचे आणि कुणालाही वाटेत सोडून पुढे निघायचे नाही.

आमची आवडती वाट या भागातल्या लोकांना ठाऊक असेल. सहाला पाटो येथे जमायचे आणि १६३० च्या दशकात बांधलेल्या लिन्यारिस पुलावरून, डाव्या हाताला मांडवी आणि उजव्या हाताला मिठागरे ठेवत रायबंदर गाठायचे. तेथे फेरीबोटीत चढून दिवाडी बेट. खाजनातून, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतून, जाणारा सरळ रस्ता, पिएदाद गावचा चढ, आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरीबोट. दिवाडीवरून उठवलेला सप्तकोटेश्वर नदीपलीकडे ज्या नार्व्यात स्थिरावला आणि ज्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, तेथे क्षणभर टेकायचे. मग मये, चोडण आणि चोडणहून तिसऱ्या फेरीबोटीने पुन्हा रायबंदर. सगळे मिळून तीस-पस्तीस किलोमीटर होतात. ज्यांना एवढे नको असते त्या दिवाडीवरूनच परततात.

आता प्रश्नाकडे येते. आमच्यातल्या चौघींनी यंदा दोनशे किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब सायकलफेरी, करण्याचे ठरवले आहे. आमचा वेग ताशी बारा ते चौदा किलोमीटर असतो आणि तो त्यांना पुरत नाही. एक जलद आणि एक सावकाश असे दोन गट करावेत, दोघांनी वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या वाटांनी निघावे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. मला तो पटत नाही, आणि माझे कारण भावनेचे नसून गणिताचे आहे. रायबंदरहून आलेल्या फेरीबोटीतून उतरल्यापासून नार्व्याच्या धक्क्यापर्यंतचे अंतर आपण सात किलोमीटर धरू. ताशी चौदाच्या वेगाने त्याला अर्धा तास लागतो आणि ताशी वीसच्या वेगाने एकवीस मिनिटे. म्हणजे जीव तोडून पेडल मारणारीला नऊ मिनिटे मिळतात, आणि ती नऊ मिनिटे तिला धक्क्यावर बसून मांडवीकडे पाहण्यातच घालवावी लागतात, कारण बोट तिच्यासाठी लवकर सुटत नाही. ज्या वाटेवर तीन वेळा नदी ओलांडायची आहे त्या वाटेवर वेगाचा हिशेब बोटवालाच करतो. मग गट फोडून नेमके काय साधते?

ज्यांनी असे गट चालवले आहेत किंवा मोडताना पाहिले आहेत त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

चौघींपैकी एक

प्रस्ताव आमचा आहे, तेव्हा आमची बाजू मांडणे माझे काम आहे. ताईंचे गणित बरोबर आहे, परंतु ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आम्हाला धक्क्यावर लवकर पोहोचायचे नाही. सरावाला सलग दोन-तीन तास एका लयीत पाय फिरवावे लागतात, आणि दर दहा मिनिटांनी थांबणाऱ्या फेरीत ती लय कधीच लागत नाही.

ब्रेवेविषयी एक गैरसमज मात्र दूर करते. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते आणि त्या मुदतीत खाणे, पंक्चर, विश्रांती हे सारे येते. म्हणजे सरासरी ताशी पंधराच्या किंचित आतच पडते. ती शर्यत नाही. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत पोहोचलेली प्रत्येक जण सारखीच. तेव्हा आम्हाला वाऱ्यासारखे पळायचे आहे आणि इतरजणी आमच्या पायांत घोटाळतात, असे चित्र कृपया रंगवू नये. आम्हाला थांबणे कमी हवे आहे, एवढेच.

रविवार सोडून इतर दिवशी सराव करा, असे कुणी सुचवील म्हणून आधीच सांगते : आम्ही चौघीही नोकरी करतो, दोघींची मुले प्राथमिक शाळेत आहेत. आठवड्यात घराबाहेर पडता येते अशी एकच सकाळ आमच्या वाट्याला येते.

साळकाठ

आम्ही मडगावच्या आसपासच्या. आमचा गट होता, असे भूतकाळात लिहावे लागते आहे आणि त्याला कारण हाच निर्णय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे नद्या कमी आडव्या येतात. कोलवा, बाणावली, वार्का, केळशी अशी किनाऱ्यालगतची सपाट वाट, नाहीतर आतल्या बाजूला कुडतरीची तळी आणि चांदोर. फेरीबोट नसल्यामुळे सगळ्यांना पुन्हा एकत्र आणणारे असे ठिकाण मध्ये येत नाही, आणि पुढची सायकल एकदा पुढे गेली की गेलीच. सहा-सात महिने आम्ही हाका मारून, फोन करून एकमेकींना थांबवले. मग कंटाळून दोन गट केले. भांडण झाले नाही. उलट सर्वांना हायसे वाटले.

सावकाश गट तीन महिन्यांत बंद पडला, आणि त्याचे कारण उत्साह कमी पडला हे नव्हते. पंक्चर काढता येणाऱ्या, चेन उतरली तर बसवणाऱ्या, खोगीर किती उंच असावे हे सांगणाऱ्या, कुत्रे अंगावर आले तर सायकलवरून उतरून ती आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी हे माहीत असलेल्या सगळ्याजणी जलद गटात गेल्या होत्या. सावकाश गटात उत्साहच तेवढा उरला. एका रविवारी वार्क्याजवळ फुटलेल्या बिअरच्या बाटलीच्या काचेवरून दोन सायकली गेल्या. (शनिवार रात्रीनंतरची रविवार सकाळ किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर कशी असते ते गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.) दोघींकडे जास्तीची ट्यूब होती, पण ती घालता कुणालाच येईना. टेम्पो करून सायकली घरी आणल्या आणि पुढच्या रविवारी त्या दोघी आल्या नाहीत. त्यानंतरच्या रविवारी आणखी तिघी आल्या नाहीत.

जलद गट अजून आहे. त्यात पाचजणी आहेत, आणि तेव्हापासून त्यात नवी एकही आलेली नाही, कारण नवी बाई पहिल्याच दिवशी जलद कशी असेल?

फोंड्याची सून

आमच्या बाजूला सपाट असा रस्ताच नाही, त्यामुळे हा वाद आमच्याकडे चढाने केव्हाच मिटवला आहे. म्हार्दोळहून फर्मागुढीकडे चढताना कुणीही कुणाबरोबर चालवू शकत नाही. प्रत्येकीचा दम वेगळा आणि प्रत्येकीचा गिअर वेगळा. म्हणून चढावर जिने तिने आपल्या वेगाने जायचे आणि माथ्यावर थांबायचे, असा आमचा रिवाज आहे. शेवटची सायकल नेहमी अनुभवी बाईची. सायकलवाले तिला स्वीपर म्हणतात, आम्ही पिछाडी म्हणतो. तिच्याकडे पंप, ट्यूब, टायर काढायचे पट्टे आणि गुळाची ढेप असते. ही पाळी दर आठवड्याला बदलते. सर्वांत वेगाने चालवणारीवरसुद्धा पिछाडीची पाळी येतेच, आणि खरे सांगायचे तर हलक्या गिअरवर, तोल न घालवता, चालत्या माणसाच्या वेगाने चढ चढणे हे पळण्यापेक्षा अवघड काम आहे.

बार्देशचा

माझी पत्नी अशाच एका गटाबरोबर जाते म्हणून हा धागा वाचला. मला असे वाटते की वेगापेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न मोठा आहे. आम्हा नवऱ्यांपैकी कुणी एकाने गाडी घेऊन मागून यावे, म्हणजे जी थकेल तिला गाडीत बसता येईल आणि मग गट फोडण्याची गरजच उरणार नाही. तसेच पुरुषांनाही सामील करून घेतल्यास दुरुस्तीचा प्रश्नही आपोआप सुटेल.

दुकानवाली

भाऊ, सूचना चांगल्या मनाने केलेली आहे हे दिसते, म्हणून रागावत नाही. गाडीचा प्रयोग आम्ही केला आहे. एका सदस्येचे यजमान चारही दिवे लुकलुकवत आमच्या मागून ताशी बाराने आले. खाजनातला रस्ता अरुंद. त्यांच्या मागे तीन मोटारी आणि पोयी (गोव्याचे पाव) घेऊन निघालेला एक पोदेर, म्हणजे पाववाला, अडकला आणि सगळ्यांचे हॉर्न आम्हाला ऐकावे लागले. शिवाय गाडी मागे आहे म्हटल्यावर पिएदादच्या चढावर चौघी गाडीत बसल्या, ज्या त्याआधी तोच चढ सायकल हातात धरून का होईना, स्वतः चढून जात होत्या. त्यानंतर गाडी बोलावली नाही.

पुरुषांविषयी एवढेच सांगते की ट्यूब बदलणारा पुरुष बरोबर असला की ट्यूब बदलायला कुणी शिकत नाही. माझेच उदाहरण आहे. घरात तीन पुरुष असताना मला हवा भरतासुद्धा येत नव्हती. आता दुकानात येणाऱ्या पोरांच्या सायकलींची चेन मी बसवून देते.

निवृत्त बाई

मी रायबंदरकरीण यांच्याच गटातली, आणि ज्या ‘सर्वांत मागे असेल तिच्या’ वेगाविषयी हा धागा आहे ती बहुतेक रविवारी मीच असते. तेव्हा माझे म्हणणे नोंदवणे योग्य ठरेल.

माझे बालपण डिचोली तालुक्यात गेले. घरात भावांसाठी एक सायकल होती आणि साडी-परकर चेनमध्ये अडकेल या कारणाने ती आम्हा बहिणींना मिळाली नाही. चेनवर झाकण बसवता येते हे तेव्हा कुणाला सुचले नसेल असे नाही. सायकल मी छप्पन्नाव्या वर्षी, निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, कांपालच्या मैदानावर शिकले. भाची मागून खोगीर धरून धावायची. आज मी एकसष्टाची आहे आणि ताशी बारा हा माझा वेग आहे. तो वाढेल असे मला वाटत नाही.

मागे राहणाऱ्या बाईची खरी अडचण काय असते ते पुढे असणाऱ्यांना सहसा दिसत नाही. पुढच्या थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात, घाम पुसतात. मी पोहोचते तेव्हा त्यांची विश्रांती संपलेली असते, आणि ‘आल्या बाई, चला निघू या’ असे म्हणून सर्व जणी सायकलवर बसतात. म्हणजे जिला विश्रांती सर्वांत जास्त हवी तिलाच ती मिळत नाही. मग मी अधिक थकते, अधिक मागे राहते आणि पुढच्या थांब्यावर पोहोचताच माफी मागते. चार वर्षांत मी किती वेळा माफी मागितली असेल याचा हिशेब ठेवलेला नाही. फेरीबोटीवर मात्र हे होत नाही. तेथे माझ्या वाट्यालाही बसायला मिळते, कारण बोट चालू असताना कुणालाच पुढे जाता येत नाही. मला दिवाडीची वाट आवडते ती त्यामुळे, देवळांमुळे किंवा पक्ष्यांमुळे नव्हे.

दुसरी गोष्ट. सुरुवातीच्या सहा महिन्यांत माझे गुडघे पुढच्या बाजूने सतत दुखत. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली होती. ‘चौघींपैकी एक’ या नावाने वर जिने लिहिले आहे तिने एक दिवस माझ्या मागून चालवताना पाहिले की पेडल सर्वांत खाली असतानाही माझा गुडघा बराच वाकलेला राहतो. पडण्याच्या भीतीने मी खोगीर फार खाली ठेवले होते. तिने रायबंदरच्या धक्क्यावर पाना काढला, टाच पेडलवर टेकल्यावर पाय सरळ होईल इतके खोगीर वर केले, आणि दोन आठवड्यांत दुखणे गेले. ती तेव्हा माझ्या मागे होती म्हणून तिला ते दिसले.

दोन गट झाले तर मी सावकाश गटात जाईन आणि तक्रार करणार नाही. परंतु त्या गटातही कुणीतरी शेवटची असेलच, आणि ती बहुधा मीच असेन.

अबोली

मी वेगाविषयी नाही, वाराविषयी लिहिते, कारण आमच्या गटात माणसे कमी होण्याचे कारण मला तेच दिसते. रविवारी सकाळी आमच्या ख्रिस्ती मैत्रिणींना मिसला जायचे असते. त्या येतात तेव्हा अर्ध्या वाटेवरून परततात आणि हळूहळू येईनाशा होतात. बाकीच्यांच्या घरी रविवार हा मासळीचा दिवस. नऊनंतर बाजारात गेलेल्या बाईला काय मिळते आणि कोणत्या भावाने मिळते ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून साडेआठ वाजले की निम्म्या जणींचे लक्ष घड्याळाकडे असते, आणि मागच्या बाईमुळे उशीर झाला असे वाटू लागते. वास्तविक उशीर पिएदादला चहा आणि भाजी-पाव खाताना झालेला असतो, पण पाऊण तास गप्पा मारल्याचा दोष स्वतःकडे कोण घेणार? महिन्यातून दोन फेऱ्या शनिवारी ठेवून पाहाव्यात असे मला सुचवायचे आहे. पावसाळ्यात आणि गणेशचवथीच्या आठवड्यात तसेही वेळापत्रक पाळले जात नाही.

चौघींपैकी एक

बाईंचे लिहिणे वाचून काल काही लिहिता आले नाही. ‘चला निघू या’ असे म्हणणारी बहुतेक वेळा मीच असते. त्यात घाई नसते, केवळ सवय असते, पण बाईंना ते कसे ऐकू येत असेल हे कधी मनात आले नव्हते.

तरीही माझी अडचण तशीच आहे, आणि ती सद्भावनेने सुटणारी नाही. म्हणून एक व्यवहार्य सूचना करते. दिवाडीवर उतरल्यावर इतर जणी सरळ नार्व्याच्या धक्क्याकडे जातील तेव्हा आम्ही चौघी पिएदादची टेकडी दोनदा, जमल्यास तीनदा चढून उतरू आणि धक्क्यावर त्यांना गाठू. चोडणलाही तसेच करता येईल. तेथे बांधाच्या बाजूचे फाटे आहेत. म्हणजे ताईंच्या गणितातली ती नऊ मिनिटे आम्ही धक्क्यावर न बसता टेकडीवर घालवू. बोट सर्वांची एकच राहील. फर्मागुढीच्या रिवाजाप्रमाणे चौघींपैकी एक पाळीपाळीने पिछाडीला राहील आणि उरलेल्या तिघी टेकडी चढतील. ब्रेवेच्या आधीचे दोन महिने मात्र आम्हाला महिन्यातून एक रविवार पूर्ण मोकळा हवा. त्या दिवशी आम्ही लांब जाऊ आणि कुणाला बरोबर चला म्हणणार नाही.

साळकाठ

हे आम्हाला तेव्हा सुचले असते तर बरे झाले असते. एकच विचारते : उतरताना काळजी घ्याल ना? पहिल्या पावसानंतर जांभ्यावरचे शेवाळ आणि रस्त्यावर वाहून आलेली तांबडी माती यांवर ब्रेक दाबला की मागचे चाक आपले ऐकत नाही. बोटीच्या लोखंडी फळीवरही तीच गोष्ट. तेथे उतरून चालावे हे बरे.

रायबंदरकरीण

फळीवर उतरून चालायचे हा नियम आमच्याकडे आहे. पहिल्याच पावसाळ्यात मी स्वतः तेथे आडवी झाले होते आणि कोपराला चार टाके पडले होते.

गटावर बोलणे झाले. दोन गट करायचे नाहीत. टेकडीची सूचना तीन महिने करून पाहायची, आणि लांबच्या फेरीसाठी चौघींना महिन्यातला एक रविवार मोकळा. शेवटची बाई पोहोचल्यापासून पाच मिनिटे कुणीही सायकलला हात लावायचा नाही. घड्याळ दुकानवालीने पाहायचे, कारण तिला कुणी उलट बोलत नाही. महिन्याचा दुसरा आणि चौथा आठवडा शनिवारी. चहा पिएदादला न घेता परतल्यावर रायबंदरला, म्हणजे जिला मासळीला जायचे असेल तिला परस्पर जाता येईल. ट्यूब बदलण्याचा सराव येत्या शनिवारी फेरी निघण्याआधी पाटोलाच घ्यायचा असल्यामुळे सहाऐवजी साडेपाचला जमावे.

निवृत्त बाई

साडेपाचला अंधार असतो, म्हणून मी विजेरी घेऊन येते. माझ्याच सायकलची ट्यूब काढावी. मागच्या चाकाची हवा चार दिवसांपासून हळूहळू जाते आहे आणि कुठून जाते ते मला अजून सापडलेले नाही.